लोकरी गालिच्यावर चहा आणि कोकम सरबत: धुतल्यावर डाग जास्तच गडद झाला, मदत करा

नागाळापार्ककर (रविवार, रात्री 10.40)

नमस्कार मंडळी. गुरुवारी आमच्या घरी भाचीची सुपारी फुटली. वीसेक माणसं होती. हॉलमध्ये सासऱ्यांचा गालिचा अंथरला होता. ते नोकरीनिमित्त उत्तर प्रदेशात होते तेव्हा 1988 साली त्यांनी तो भदोहीहून आणला होता. ते आता नाहीत. सासूबाई वर्षातून चार-पाच वेळाच तो काढू देतात, एरवी जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर असतो.

झालं असं की टीपॉयवरचा चहाचा ट्रे मुलांच्या धक्क्याने कलंडला. दोन-तीन कप चहा, दूध-साखर-आल्याचा, सगळा गालिच्यावर. त्याच गडबडीत कोकम सरबताचा ग्लासही गेला. सरबत घरचं होतं, माहेर सावंतवाडीचं असल्यामुळे अमृत कोकम दरवर्षी तिकडूनच येतं.

पाहुणे गेल्यावर मी गरम पाणी घेतलं, कपड्यांची पावडर कालवली आणि ब्रशने चांगलं घासलं. चहाचा डाग आधी फिकट तपकिरी होता तो गडद झाला, भोवती कडं पडलं. कोकमाचा लाल डाग तर डोळ्यांदेखत निळसर-जांभळा झाला! आज चौथा दिवस. गालिचा मरून आणि सायीच्या रंगाचा आहे आणि डाग नेमके सायीच्या भागावर आहेत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी तिथे जाऊन हात फिरवून येतात. मला ते बघवत नाही. कुणाला खात्रीचा उपाय माहीत असेल तर सांगा की.

पुरणपोळी_कटाची_आमटी (रविवार, रात्री 10.58)

ताई, खाण्याचा सोडा भुरभुरवा, वरून व्हिनेगर ओता, फेस येतो. तो निवला की पुसून घ्या. आमच्या सोफ्यावरचा डाग असाच गेला होता.

मंगळवारपेठ (रविवार, रात्री 11.05)

मीठ टाका भरपूर. मीठ ओढून घेतं.

हाऊसकीपिंग_15_वर्षं (रविवार, रात्री 11.30)

वहिनी, आज रात्री काहीही टाकू नका. खरंच. आता जे टाकाल त्याने आणखी एक थर चढेल.

मी 15 वर्षं हॉटेलच्या हाऊसकीपिंगला आहे. चहा सांडणं आमच्याकडे रोजचं. नवीन पोरगं कामावर आलं की पहिल्या दिवशी एकच शिकवतो: घासायचं नाही, टिपायचं. ब्रशने घासलं की धाग्याचा पीळ सुटतो, तिथे लव उभी राहते आणि डाग गेला तरी तो भाग कायम वेगळा दिसतो. शिवाय घासण्याने डाग खाली जातो, बाजूला पसरतो. पांढरा सुती पंचा घ्यायचा, जुना धुतलेला, रंगीत अजिबात नको. घडी करायची, डागावर ठेवून तळहाताने दाबायचं, उचलायचं, घडी बदलायची. आणि बाहेरून आत यायचं, मधून बाहेर नाही. नाहीतर डाग मोठा होत जातो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याबद्दल: फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांना मारतात. उरतं ते खारट पाणी. सोफ्याचा डाग गेला असेल तर तो पुसण्याने गेला. मीठ ओल्या डागातलं थोडं पाणी शोषतं, चार दिवसांच्या वाळलेल्या डागाला त्याचा उपयोग नाही. उलट मिठाचे कण बुडाशी बसतात, पावसाळ्यात दमट होतात आणि तिथे धूळ चिकटते.

गालिचा लोकरीचाच आहे ना, की लोकरीसारखा दिसणारा? आणि उलटा करून बघा, मागे नक्षी दिसते की कापड चिकटवलेलं आहे?

नागाळापार्ककर (रविवार, रात्री 11.41)

लोकरीचाच असं सासरे सांगायचे. मागे सगळी नक्षी दिसते. चिकटवलेलं कापड नाही.

हाऊसकीपिंग_15_वर्षं (रविवार, रात्री 11.48)

मग बहुतेक हाताने गाठी मारलेला असणार. हे चांगलं झालं. कापड चिकटवलेल्या गालिच्यात आत रबरासारखा डिंक असतो, तो जास्त भिजला की वास मारतो आणि पुढे भुगा होऊन गळतो. तुमचा धुण्याला टिकेल. पण तळाचे दोरे सुती असणार, तेव्हा पाणी कमीच.

रंगारी_इचल (सोमवार, सकाळी 6.50)

मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये 31 वर्षं रंगखात्यात होतो, आता निवृत्त आहे. ताई, तुमच्या दोन्ही डागांना काय झालं ते आधी सांगतो, मग उपाय सोपा वाटेल.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन जातीचा. जांभूळ, लाल कोबी यांच्यातही हीच जात. हा रंग आंबटात लाल असतो आणि खारात निळा-जांभळा होतो. तुमच्या कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, म्हणजे खार. डाग निळा झाला म्हणजे नवा रंग बसला असं नाही, त्याच रंगाने कूस बदलली. परत आंबट लागलं की तो लाल होईल, पाण्यात सुटेल आणि निघेल. घाबरू नका.

चहाचंही तेच. बिनदुधाच्या चहात लिंबू पिळलं की चहा फिका होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. तसाच तो खारात गडद होतो. तुमचा डाग पावडरीने गडद झाला तो यामुळे. दुसरी गोष्ट दुधाची. दुधातलं प्रथिन गरम पाण्याने आळतं आणि धाग्याला धरतं. म्हणून दूध असलेल्या कुठल्याही डागाला आधी थंड पाणीच. तिसरी गोष्ट साखर. ती नीट निघाली नाही तर जागा चिकट राहते आणि महिन्याभरात धुळीने काळी पडते. लोक म्हणतात डाग परत आला. पुष्कळदा ती नुसती धूळ असते.

आता लोकरीची खात्री करा. गालिच्याच्या मागून किंवा कडेच्या आतल्या बाजूने एक बारीक धागा कात्रीने घ्या, चिमट्यात धरून न्हाणीघरात जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून घट्ट मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. वितळताना मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिप्रॉपिलीन, हल्लीचे स्वस्त मशीनचे गालिचे बहुतेक त्याचे असतात. टोकाला झालर असेल तर तिचा धागा घेऊ नका, ती सुती असते, कागदासारखी जळेल आणि तुमचा गोंधळ होईल.

हे समजल्याशिवाय पुढे जायचं नाही. लोकरीला जे चालतं ते नायलॉनला चालेलच असं नाही, आणि उलटही.

एक सक्त सूचना. कपडे पांढरे करायचं ब्लीच लोकरीवर थेंबभरही नको. क्लोरीनचं ब्लीच लोकर पिवळी करतं आणि जास्त झालं तर विरघळवून टाकतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुरणपोळी_कटाची_आमटी (सोमवार, सकाळी 8.15)

काका, आज पहिल्यांदा कळलं की लिंबाने चहा फिका का होतो. हा चर्चेचा धागा जपून ठेवते. सोड्याचा सल्ला मागे घेते, ताई माफ करा.

नागाळापार्ककर (सोमवार, दुपारी 1.20)

काकांनी सांगितलं तसं मागून एक धागा काढला, सासूबाईंना विचारून. केस जळल्याचा वास आला आणि राख चुटकीत पीठ झाली. लोकरच आहे! सासूबाईंनी स्वतः धागा जाळून बघितला, त्यांच्या चेहऱ्यावर गुरुवारनंतर पहिल्यांदा जरा बरं वाटल्याचं दिसलं. "त्यांनी फसून आणला नव्हता तर," एवढंच म्हणाल्या.

आता पुढे सांगा. घरात पांढरं व्हिनेगर आहे, भांड्यांचं लिक्विड आहे, स्वेटरचं लिक्विडही आहे.

रंगारी_इचल (सोमवार, दुपारी 3.05)

छान. मरून रंग किती पक्का आहे ते आधी तपासा. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग गार पाणी असं मिश्रण करा. पांढरा रुमाल त्यात बुडवून पिळा आणि मरून भागाच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं दाबून ठेवा. रुमालावर रंग उतरला नाही तर पुढे चला. उतरला तर थांबा आणि इथे लिहा.

मग आधी पावडर काढायची. नुसतं गार पाणी, फडका पिळून, टिपायचं. परत गार पाणी, परत टिपायचं. बोटाला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

कोकमाचा डाग आधी घ्या, तो सोपा आहे. व्हिनेगरचं तेच मिश्रण चमच्याने थोडंथोडं घाला. निळा डाग लाल होताना दिसेल. लाल झाला की टिपा. परत घाला, परत टिपा. पंचावर गुलाबी उतरत राहील. उतरायचं थांबलं की गार पाण्याने दोन-तीनदा टिपून घ्या.

चहाला दोन पायऱ्या. पाव लिटर गार पाण्यात स्वेटरचं लिक्विड अर्धा चमचा, जास्त नाही. ते दूध आणि साखरेसाठी. चमच्याने डागावर, पाच मिनिटं थांबा, टिपा. गार पाण्याने टिपा. त्यानंतर व्हिनेगरचं मिश्रण, ते चहाच्या रंगासाठी. दहा मिनिटं, टिपा, परत गार पाणी. हे एका दिवसात दोनदाच करा. लोकर दिवसभर भिजत ठेवायची नसते.

कपड्यांवरचे डाग काढायची जी एन्झाइमवाली पावडर जाहिरातीत दाखवतात ती इथे नको. प्रथिन खाणारं एन्झाइम दुधाला खातं तसं लोकरीलाही खातं, कारण लोकरही प्रथिनच.

राजारामपुरी_भाडेकरू (सोमवार, रात्री 9.10)

याच धाग्यात विचारतो, चालेल का? भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेलं कार्पेट आहे. पोराने नारिंगी कोल्ड्रिंक सांडलं. धागा जाळला, वितळून कडक तपकिरी मणी झाला. वर काकांनी सांगितलं तसं व्हिनेगर घालू का? महिनाअखेर घर सोडायचंय, डिपॉझिटचा प्रश्न आहे.

रंगारी_इचल (सोमवार, रात्री 9.35)

दादा, थांबा! तुमच्या केसमध्ये व्हिनेगर अजिबात नको. बरं झालं विचारलंत.

नारिंगी, लाल, पिवळ्या कोल्ड्रिंकमध्ये सनसेट यलो, टार्ट्राझीन, कार्मोइसिन असे रंग असतात. रंगखात्याच्या भाषेत हे ॲसिड डाय. आणि नायलॉन, लोकर, रेशीम रंगवायचं तर आम्ही काय करायचो? ॲसिड डाय, ॲसेटिक आणि उष्णता. व्हिनेगर म्हणजे पातळ ॲसेटिकच. म्हणजे तुम्ही व्हिनेगर घालून वर इस्त्री किंवा वाफ दिलीत तर घरच्या घरी कार्पेट पक्कं नारिंगी रंगवून ठेवाल. कोकमाचा रंग वेगळ्या स्वभावाचा आहे, म्हणून ताईंना जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही.

तुम्ही गार पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे पाव लिटरला दोन-चार थेंब, एवढंच घ्या. टिपत राहा. साखर निघेल आणि न बसलेला रंगही निघेल. जे राहील त्यासाठी मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर 20 व्हॉल्यूम असेल तर ते साधारण 6 टक्के असतं, त्यात तेवढंच पाणी घाला म्हणजे 3 टक्के होईल. आधी कपाटामागच्या कार्पेटवर लावून दुसऱ्या दिवशी बघा. मूळ रंग उतरला नाही तरच डागावर. पांढरा फडका त्यात ओला करून डागावर पसरा, दोन-तीन तास ठेवा, मग साध्या पाण्याने टिपा. एका दिवसात नाही जाणार. तीन-चार दिवस रोज करा. हातमोजे घाला.

राजारामपुरी_भाडेकरू (सोमवार, रात्री 9.42)

काका, हातात व्हिनेगरची बाटली घेऊनच बसलो होतो. लै उपकार झाले.

नागाळापार्ककर (मंगळवार, रात्री 8.30)

कोकमाचा डाग गेला! मरून रंग तपासला, रुमाल पांढराच राहिला. मग आधी पावडर काढली. बोटाला बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत नऊ वेळा पाणी टिपावं लागलं, एवढी पावडर मी कोंबली होती. मग व्हिनेगर घातलं आणि निळा डाग सावकाश लाल होत गेला. भाचीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. पंचा गुलाबी झाला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. आता तिथे ओलसरपणा सोडून काही दिसत नाही.

चहाचा डाग निम्मा फिका झालाय. उद्या परत करते.

सांगलीची_हळद (बुधवार, सकाळी 11.00)

धागा वाचून माझाही अनुभव लिहितेय, कारण हळदीच्या दुधाबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे मुलाला खोकला झाला की रात्री हळद-दूध. गेल्या थंडीत अख्खा पेला लहानशा गालिच्यावर गेला. साबण लावला तर पिवळा डाग लालभडक! हळदीला चुना लागला की लाल होते हे लहानपणापासून माहीत, पण साबणाने तेच होईल हे सुचलं नव्हतं. हळदही खारात लाल होते.

मी थंड पाण्याने दूध काढलं, थोडं व्हिनेगर-पाणी लावल्यावर लालचं परत पिवळं झालं. पण पिवळा काही जाईना. आईने सांगितलं, उन्हात टाक. सकाळचं दोन तास ऊन, चार दिवस. पाचव्या दिवशी शोधूनही सापडेना. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, कपड्यांवरचा डाग दोरीवर वाळताना आपोआप जातो तो त्यामुळेच. मात्र गालिचा रंगीत असेल तर डागाएवढंच भोक पाडलेला जाड कागद वर ठेवा आणि तेवढ्याच भागाला ऊन लागू द्या. मी हे केलं नाही आणि शेजारची निळी वेलबुट्टी जराशी उतरली.

आजऱ्याचा_घनसाळ (बुधवार, दुपारी 4.45)

लोकरीला रिठ्यासारखं काही नाही. आजी घोंगडी रिठ्याच्या पाण्यातच धुवायची. ताईंनी रिठा का वापरू नये?

हाऊसकीपिंग_15_वर्षं (बुधवार, संध्याकाळी 6.20)

रिठा लोकरीला उत्तमच, सौम्य असतो. पण घोंगडं काळं असतं. रिठा उकळला की पाणी तपकिरी होतं, आणि ताईंचा भाग सायीच्या रंगाचा आहे. चहाचा डाग काढता काढता रिठ्याचा पडायचा. गडद गालिचा असेल तर जरूर वापरा.

नागाळापार्ककर (शुक्रवार, सकाळी 7.30)

मंडळी, मन खचलंय. गुरुवारी रात्री झोपताना चहाचा डाग जवळजवळ गेला होता. सासूबाईंना दाखवला, त्या खूश झाल्या. आज सकाळी वाळल्यावर बघते तर परत आला! तितका गडद नाही, पण तपकिरी कडं स्पष्ट दिसतंय. काहीच चुकवलं नव्हतं. असं कसं झालं?

हाऊसकीपिंग_15_वर्षं (शुक्रवार, सकाळी 8.10)

वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. डाग परत पडला नाही, खालून वर आलाय. कंदिलाच्या वातीत तेल चढतं ना, तसं. दोन-तीन कप चहा सांडला तेव्हा तो तळाच्या दोऱ्यांपर्यंत गेला. तुम्ही वरची लोकर साफ केली, पण बुडाला चहा होताच. वरून वारं लागलं की पाणी वर सरकतं, टोकाशी येऊन वाळतं आणि बरोबर आणलेला रंग तिथेच सोडतं. म्हणूनच डाग टोकाला दिसतो आणि कडं पडतं.

यावर आमचा उपाय सांगतो. डागाची जागा गार पाण्याने ओलसर करा, चिंब नाही. जरा वेळाने त्यावर पंचाची सात-आठ पदरी घडी ठेवा. घडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर वजन. पाटा असेल तर उत्तम. रात्रभर तसंच. पाणी वर चढेल ते पंचात जाईल, रंगही पंचातच. सकाळी पंचा उघडून बघा, वरच्या पदरांपर्यंत तपकिरी उमटलेलं दिसेल. दोन-तीन रात्री लागोपाठ करा.

दिवसा गालिचा दोन खुर्च्यांवर उचलून ठेवा आणि खालून टेबलफॅन लावा. जमिनीवर वाळवत ठेवू नका. सध्या संध्याकाळी वळीव येतोय, गच्चीवर टाकायचा मोह टाळा.

शाहूपुरीकर (शुक्रवार, दुपारी 12.50)

वाळवण्याबद्दल मनापासून सांगतो. 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी आलं. दोन गालिचे वर नेता आले, पण ते अर्धे भिजलेच. एकाला तागाची पाठ होती. तो वाळला तसा सगळ्या वरच्या बाजूवर तपकिरी लाटा उमटल्या. आम्हाला वाटलं पुराच्या पाण्याचा गाळ. नंतर कळलं की तागातलाच रंग वर चढला होता. सावकाश वाळणाऱ्या ताग-सुतात हे होतं. तेव्हा ज्यांच्या गालिच्याला ताग आहे त्यांनी चहाच्या डागावर तांब्याभर पाणी ओतण्याआधी विचार करा, डाग चहाचा असेल आणि उरेल तो तागाचा. आमचा व्हिनेगर-पाण्याने पुसून पुष्कळ उजळला, पण पूर्वीसारखा झाला नाही. दुसरा, सुती तळाचा, पंख्याखाली दोन दिवसांत वाळला आणि अजून वापरात आहे.

नागाळापार्ककर (सोमवार, सकाळी 9.00)

तीन रात्री पाटा ठेवला. पहिल्या सकाळी पंचाच्या पाच पदरांपर्यंत चहा उमटला होता. एवढा चहा आत असेल असं वाटलंच नव्हतं. दुसऱ्या सकाळी दोन पदर, आज फक्त खालचा पदर जरासा पिवळट. गालिचा वाळल्यावर कडं दिसत नाही. अगदी फिकट पिवळसर सावली आहे, ती मला माहीत आहे म्हणूनच दिसते. त्यावर पेरॉक्साइड लावू का?

आणि काका, एक नवीन गोष्ट. डागाच्या कडेला, जिथे टीपॉयचा पाय होता, तिथे रुपयाएवढा काळा-करडा ठिपका आहे. तो कशानेच हलत नाही. टीपॉय लोखंडी आहे. चहा सांडला त्या गुरुवारी सगळं ओलं असताना तो रात्रभर तिथेच उभा होता.

रंगारी_इचल (सोमवार, सकाळी 10.25)

ताई, त्या काळ्या ठिपक्यावर पेरॉक्साइड चुकूनही लावू नका.

सह्याद्रीतला हिरडा आणि हिराकस मिळून काळा रंग आणि शाई पूर्वी करायचे. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोखंड, दोन्ही भेटले की काळं. चहातही त्याच कुळातली द्रव्यं आहेत. टीपॉयच्या पायाने लोखंड दिलं. तुमच्या गालिच्यावर रुपयाएवढी शाई तयार झालीय.

आणि पेरॉक्साइड का नको ते सांगतो. प्रोसेस हाऊसमध्ये कापड पेरॉक्साइडने पांढरं करताना त्यात गंजाचा कण राहिला तर तेवढ्या जागी कापड विरतं, भोक पडतं. लोखंडामुळे पेरॉक्साइड तिथे भडकतं. लोकरीचंही तसंच नुकसान होईल. डाग राहिला तर चालेल, भोक नको.

काळ्या ठिपक्याला लिंबूसत्त्व. पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा, कापसाने फक्त ठिपक्यावर, दहा मिनिटं, टिपा, गार पाण्याने खूप वेळा टिपून काढा. एक दिवस आड करा. फिका होईल, पूर्ण जाईल असं वचन देत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड याहून जोरदार आहे, पण ते विषारी, घरात लहान मुलं असताना आणू नका. ते गालिचे धुणाऱ्या जाणकाराचं काम.

पिवळ्या सावलीवर 3 टक्के पेरॉक्साइड चालेल, पण ठिपक्यापासून चार बोटं लांब. आधी व्हिनेगर पूर्ण निघालेलं असू दे, दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. मागच्या बाजूच्या सायीच्या भागावर करून बघा. वीस मिनिटं, नजर ठेवून, मग पाण्याने टिपा. मला विचाराल तर जी सावली फक्त तुम्हालाच दिसते ती राहू द्या. 1988 ची लोकर आहे. तिला आता विश्रांती द्यावी असं माझं मत.

मंगळवारपेठ (सोमवार, रात्री 8.00)

आमच्या टीपॉयला पण लोखंडी पाय आहेत. आजच चारी पायांना रबरी बूच घातले.

राजारामपुरी_भाडेकरू (गुरुवार, रात्री 10.15)

नारिंगी डागाची बातमी देतो. दोन दिवस गार पाणी आणि लिक्विड, मग पाच दिवस पेरॉक्साइडचा फडका. कपाटामागे आधी तपासलं होतं. चौथ्या दिवशी फिकट पीच रंग राहिला होता, आज तोही दिसत नाही. मालकांनी काल घर बघितलं, त्या कोपऱ्यात उभे राहून बोलले आणि काही म्हणाले नाहीत. रंगारी काका, इचलकरंजीला आलो की पेढे घेऊन येतो.

नागाळापार्ककर (रविवार, संध्याकाळी 7.20)

शेवटचं लिहिते. पेरॉक्साइड लावलं नाही, काकांचं ऐकलं. लिंबूसत्त्व तीनदा लावलं. काळा ठिपका करडा झाला, मग राखाडी, आता शिसपेन्सिलीने टेकवल्यासारखा आहे. मी चौथ्यांदा भांडं घेऊन बसले तर सासूबाईंनी हात धरला, पुरे म्हणाल्या. सासऱ्यांच्या हातून 1990 च्या सुमारास याच गालिच्यावर शाईची दौत सांडली होती, तो डाग मरून भागात अजून आहे, हे त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं. इतकी वर्षं मला तो नक्षीचाच भाग वाटत होता.

गालिचा पूर्ण वाळलाय, मागून हात लावून दोनदा बघितलं. उद्या साडीत गुंडाळून वर ठेवणार, घडी न घालता, सुरळी करून. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतेय. कुणाला लोकरीच्या किड्यासाठी याहून चांगलं काही माहीत असेल तर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.